ओइवाचा पाच-नऊ

ताइस्तोने ॲम्प्लिफायर बांधला तेव्हा त्याच्या तोंडावर बर्चच्या लाकडाची फळी लावली आणि तिला तीनदा पॉलिश केलं. आतला डबा ॲल्युमिनियमचाच होता, फळी नुसती शोभेची. पण फिनलंडातलं आमचं युर्वा गाव फर्निचरवाल्यांचं. इथे माणसाने काहीही बांधलं तरी त्याला कुठेतरी लाकूड लावल्याशिवाय ते पुरं झालं असं कोणी मानत नाही. ताइस्तो जन्मभर इथल्याच खुर्च्यांच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, त्यामुळे त्याला दोन्हीकडून खाज.

मी राइली. ताइस्तोच्या बटाट्याच्या शेतापलीकडे राहते. तीस वर्षं सेइनायोकीची बस चालवली, आता काही चालवत नाही. हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर घरून बिनतारी बोलायचं, लायसन्स मलाही आहे. नवरा म्हणाला होता की बायकांना मोर्स कोड जमत नाही, म्हणून काढलं. नवरा गेला, लायसन्स राहिलं. बोलायला मला फारसं आवडत नाही, पण ऐकते.

त्या ॲम्प्लिफायरचं काम साधं होतं. रेडिओतून निघणारे शंभर वॅट घ्यायचे, त्यांचे आठशे करायचे आणि एरियलवर ढकलायचे. त्यासाठी आत जुन्या रेडिओत असतात तसले दोन रशियन व्हॉल्व्ह, तांब्याच्या नळीची कॉइल आणि हात लावला तर माणूस जागच्या जागी खलास होईल एवढे व्होल्ट. ताइस्तोची बायको सिल्वी त्याच्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायची, "दोन माणसांना उचलत नाही एवढं वजन. वीज खातो ती वेगळीच. आणि त्यातून निघतं काय? ओइवा."

ते खरं होतं. ताइस्तो त्या यंत्रावरून एकाच माणसाशी बोलायचा. ओइवा पार वर उत्तरेत, इनारीला, तळ्याच्या काठी राहतो. दोघे लष्करात सिग्नलला एकत्र होते, तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला, ऐंशी मीटरच्या बँडवर, म्हणजे तेवढ्या लांबीच्या रेडिओलहरींवर, दोघांची गाठ. ओइवाची बायको दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. सगळ्यात जवळचा शेजारी तळ्याच्या पलीकडे, आणि त्याच्याशी ओइवाचं माशांची जाळी लावण्याच्या जागेवरून वाजलेलं. टपालवाली पेटीत टपाल टाकते आणि निघून जाते. म्हणजे आठवड्यात ओइवा ज्याच्याशी बोलतो असा माणूस एकच, ताइस्तो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बोलून कोणी दाखवत नव्हतं.

आता रिपोर्टबद्दल सांगायला हवं. हॅम लोक भेटले की आधी एकमेकांना रिपोर्ट देतात, म्हणजे तुझा आवाज इथे कसा येतोय त्याचे दोन आकडे. पहिला शब्द किती कळतात त्याचा, पाचपर्यंत. दुसरा आवाज किती जोरदार त्याचा, नऊपर्यंत. म्हणजे पाच-नऊ हे सगळ्यात चांगलं. आणि सगळे सगळ्यांना पाच-नऊच देतात. "तू इथे स्वच्छ पाच-नऊ येतोस, नाव काय म्हणालास? परत सांग. परत. अजून एकदा?" हे मी माझ्या कानाने ऐकलेलं आहे, एकदा नाही, शंभरदा. या सभ्यपणाचा मला मनस्वी राग येतो. बसमध्ये मी कोणाला 'गाडी वेळेवर आहे' असं उगाच सांगितलं नाही.

ओइवा मात्र तसा नव्हता. त्याच्या रिसीव्हरवर जोर दाखवणारा काटा होता तो कधीच मोडला, आणि त्याने तो मुद्दाम दुरुस्त केला नाही. म्हणायचा, "काटा खुशामत करतो. कान करत नाहीत." कानाला जे कळेल तेच तो सांगायचा. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी सासऱ्याला, जो स्वतः हॅम होता, त्याने चार-पाच दिला होता आणि सासरा पुढे वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. अशा माणसाकडून ताइस्तोच्या ॲम्प्लिफायरला पहिल्याच दिवशी पाच-नऊ मिळाला. ताइस्तोने त्या दिवशी सॉनाची वाफेची खोली तापवली आणि आत बसून दोनदा "हं" म्हणाला. सिल्वी सांगते की लग्नात तो एकदाच म्हणाला होता.

सप्टेंबरात एका रविवारी ओइवा म्हणाला, "पाच-सात."

"हवामान," ताइस्तो आम्हाला म्हणाला.

पुढच्या रविवारी पाच-सहा. ताइस्तो कॉफी अर्धी टाकून उठला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. 

यंत्र तपासायचं तर हवेत गोंगाट करून चालत नाही. त्यासाठी ताइस्तोकडे तेलाचा डबा होता. रंगाचा जुना मोठा डबा, त्यात ट्रान्सफॉर्मरचं तेल आणि तेलात बुडवलेला एक जाडजूड रेझिस्टर. ॲम्प्लिफायरची सगळी ताकद त्या डब्यात सोडायची, तेल तापतं, बाहेर काही जात नाही. भिंतीवर एक खटका होता, त्याच्या एका बाजूला ताइस्तोने 'एरियल' लिहिलं होतं आणि दुसऱ्या बाजूला 'डबा'. त्याने खटका डब्यावर टाकला, माझा वॅटमीटर मागवून घेतला, कारण स्वतःच्या मीटरवर त्याचा विश्वास उडाला होता, आणि माइकमध्ये शिट्टी वाजवली. आठशेच्या जागी काटा पाचशेला जाऊन थांबला.

"बघ," ताइस्तो म्हणाला. त्याला आनंदच झाला होता. "ओइवाला तिकडे बसून कळलं. एवढ्या लांबून. कान आहेत की काय आहेत!"

इथेच आमची फसगत झाली, पण ते नंतर.

त्यानंतर महिनाभर त्या घरात स्वयंपाकघराच्या टेबलावर जेवण वाढता आलं नाही. ताइस्तोने आधी व्हॉल्व्हना दोषी ठरवलं. टालिनच्या एका माणसाकडून नवी जोडी मागवली, ती लोकरी मोज्यांत गुंडाळून आली. बसवली. काटा पाचशेलाच. मग विजेचा पुरवठा बघितला, तो ठीक. रेडिओकडून येणारे शंभर वॅट पुरते येतात की नाही ते बघितलं, येत होते. मग प्रत्येक जोड पुन्हा डाग देऊन पक्का केला. घरभर त्याचा धूर.

सिल्वी म्हणाली, "अरे, मेल्याला इतकं कोणी तपासत नाही. पुरून टाक ना."

"व्हॉल्व्ह चांगले आहेत, पुरवठा चांगला आहे," ताइस्तो डोकं खाजवत म्हणाला. "मग वॅट जातात कुठे?"

मी बन खात होते. वेलची जरा कमी पडली होती. मी विचारलं, "बाकीच्या बँडवर किती देतो?"

"कुठल्या बाकीच्या?"

"चाळीस मीटर. वीस मीटर. तुझ्या त्या गोल खटक्यावर पाच बँड आहेत, ताइस्तो."

"ते कशाला बघायचे?" तो खरोखर आश्चर्याने म्हणाला. "ओइवा ऐंशीवर आहे."

मी उठले आणि बँडचा खटका चाळीसवर फिरवला. आठशे. वीसवर, आठशे. पुन्हा ऐंशीवर आणला, पाचशे. सिल्वीने हातातली कॉफीची किटली खाली ठेवली आणि नवऱ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघू लागले.

म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, पुरवठा निर्दोष, टालिनचा माणूस उगाच मोजे घालवून बसला. जो भाग फक्त ऐंशी मीटरवर कामाला येतो तोच बिघडलेला असणार, आणि तसा भाग एकच होता. खालच्या बँडसाठी कॉइलला जादा जोडलेला एक कपॅसिटर, काडेपेटीएवढा. ताइस्तोने यंत्र बंद केलं, लाकडी दांड्याच्या आकड्याने आतली साठलेली वीज जमिनीत उतरवली, थोडं थांबून पुन्हा उतरवली, आणि मगच हात घातला. कपॅसिटर काढून खिडकीशी धरला. त्याला केसाएवढी चीर गेली होती. तापला की त्याचं मापच बदलायचं.

नवा बसवला. डब्यावर आठशे वीस. काटा पुढे गेल्यावर ताइस्तो नुसता बघत राहिला, आणि त्याचा चेहरा बघून मला त्याचं मागचं सगळं अडाणीपण माफ करावंसं वाटलं. पूर्ण नाही, पण बरंचसं.

रविवारी ओइवा म्हणाला, "पाच-चार."

ताइस्तोने माइक हातात तसाच धरून ठेवला. मग सावकाश म्हणाला, "पुन्हा सांग."

"पाच-चार, ताइस्तो. आणि ते चारसुद्धा मी ओढूनताणून देतोय. काय करतोयस तू तिकडे?"

मी त्याच दुपारी घरी जाऊन तुर्कूच्या एका माणसाला रेडिओवरून हाक मारली, जो सकाळी दोघांचं बोलणं ऐकत होता. त्याने सांगितलं की ताइस्तो आला की त्याच्या कपाटातली भांडी वाजतात. कुओपिओहून एका बाईने सांगितलं की तिच्या शेजाऱ्यांच्या टीव्हीतून ताइस्तो बोलतो आणि ते तक्रार करणार आहेत. मी हे ताइस्तोला सांगितलं.

"ते सगळे पाच-नऊवाले," तो म्हणाला. "त्यांचं काय खरं?"

"अरे बाबा, मीटर आठशे वीस दाखवतोय."

"ओइवा पाच-चार म्हणतोय."

"मग इनारीत काहीतरी बिघडलं असेल. विचार की त्याला."

त्याने विचारलं. ओइवाने त्या थंडीत शिडी लावून आपली एरियल उतरवली, तपासली, पुन्हा चढवली आणि सांगितलं की तिला काहीही झालेलं नाही. रिसीव्हर उघडून बघितला, तोही ठीक. इनारीत जे जे तपासण्यासारखं होतं ते सगळं ठीक निघालं.

मग ताइस्तोने आपली एरियल उतरवली. केबल बदलली. ॲम्प्लिफायरमधला रिले उघडून त्याचे पॉइंट घासले. आणि कसलीच कसर राहू नये म्हणून ओइवाचा आवाज ऐकायला वेगळी तार टाकली, शेताच्या कुंपणाच्या कडेकडेने. माझं घर उबदार ठेवणारा हीट पंप त्याच्या रेडिओत खरखर करतो असा त्याचा जुना आरोप होता. आता बोलायचं मोठ्या एरियलवर आणि ऐकायचं त्या तारेवर. खरखर गेली. ओइवा इकडे असा यायला लागला की जणू चुलीपाशी बसून बोलतोय. तिकडे मात्र ताइस्तो पाच-तीन झाला, मग चार-तीन.

आणखी एक सुरू झालं होतं. बोलणं संपवून ताइस्तोने माइकचं बटण सोडावं तर ओइवाचं वाक्य अर्ध्यावर आलेलं असायचं. आपल्या पाळीची वाट न बघता त्याने बोलायला सुरुवात केलेली. "म्हातारा उतावळा झालाय," सिल्वी म्हणाली. आम्ही हसलो.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी ओइवाने चार-तीन दिल्यावर ताइस्तोचा बांध फुटला. आमच्याकडे बांध फुटला म्हणजे माणूस नेहमीपेक्षा हळू बोलतो. तो माइकमध्ये अगदी सुटं सुटं म्हणाला, "ओइवा, पुढच्या रविवारी पाच-सातच्या वर गेलं नाही, तर मी हा ॲम्प्लिफायर मोडतो. कुऱ्हाडीने. माझ्या हातून होत नाही आता."

मग ओइवा म्हणाला, "कळलं." आणि सही केल्यासारखा आपला निरोप घेऊन गेला.

मी म्हटलं, "मोडलास तर तुझे शंभर वॅट पोचणार आहेत का त्याच्यापर्यंत?"

"नाही."

"मग तो बोलणार कोणाशी?"

ताइस्तो खिडकीतून एरियलकडे बघत होता. "आत्ता तरी कुठे ऐकू येतंय त्याला," तो म्हणाला. "नुसतं अर्धवट पोचायचं. तो तिकडे कान लावून बसतो, आंधळ्यासारखा, आणि मी इथून त्याला छळतो. त्यापेक्षा नको." हे तो एवढं सलग बोलला की सिल्वी आतून बघायला आली.

आठवडाभर तो त्या पेटीपाशी होता. शनिवारी मी डोकावले तेव्हा खटका डब्यावर होता आणि काटा आठशे चाळीसवर. याहून जास्त त्या पेटीतून काढायचं तर युर्वाची वीज घालवावी लागली असती. आणखी करण्यासारखं काही उरलं नाही, असं तो म्हणाला. कुऱ्हाड व्हरांड्यात भिंतीला टेकवलेली मी बघितली. लाकडं फोडायचीच होती ती, पण त्या दिवशी मला ती आवडली नाही.

रविवारी नऊला आम्ही तिघं त्या खोलीत. सिल्वी एरवी येत नाही, आली. बन आणले होते, कोणी घेतले नाहीत. ताइस्तोने अंगावर इस्त्रीचा शर्ट घातला होता, रेडिओवर शर्ट दिसत नाही हे त्याला माहीत असूनही.

त्याने बटण दाबलं. "इनारी, इनारी, युर्वा बोलतंय. सुप्रभात, ओइवा. इथे शून्याखाली चार. सगळं पुन्हा तपासलंय. जेवढं देता येतं तेवढं देतोय. कसा येतोय सांग. नीट सांग."

काटा आठशे चाळीसला चिकटला होता. त्याने बटण सोडलं. ओइवा आधीच अर्ध्या वाक्यात होता.

"...दोन जाळ्यांत मिळून सहा पांढरे मासे, एक चांगला मोठा. आणि ताइस्तो, ऐक. आज तू पाच-नऊ आहेस. स्वच्छ पाच-नऊ. जे काय केलंस ते आता तसंच राहू दे. त्याला हात लावू नकोस."

ताइस्तो "हं" म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. सिल्वीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात तिने तिथे शेवटचा कधी ठेवला होता ते तिलाही आठवलं नसावं. मग मला वास आला.

गरम तेलाचा वास. मी खाली बघितलं, डब्याच्या झाकणाशी हवा थरथरत होती. मग भिंतीकडे बघितलं. खटका 'डबा' या बाजूला होता. शनिवारपासून तिथेच. ही चूक हॅम माणूसच करू शकतो, आणि आमच्यातल्या प्रत्येकाने ती कधी ना कधी केलेली आहे. तास-तासभर आपल्याच तेलाला भाषण द्यायचं आणि कोणी उत्तर का देत नाही म्हणून जगाला शिव्या घालायच्या. फरक एवढाच की आज उत्तर आलं होतं. ऐकायची तार वेगळी, म्हणून ओइवा इकडे खणखणीत येत होता. ताइस्तोचा एक शब्दसुद्धा इनारीला गेलेला नव्हता. त्या डब्यातून निघून तो माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला असता तरी पुष्कळ.

माझ्या मनात आलं की गप्प बसावं. खोटं कशाला बोलू, जोरात आलं. पण चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसाला मी कधी तसंच पुढे नेलेलं नाही. मी खटक्यावर बोट ठेवलं.

ताइस्तोने बघितलं. मी त्याला काही समजावून सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. हा माणूस दोन महिने एकेक शक्यता काढून टाकत होता आणि आता एकच उरली होती. व्हॉल्व्ह ठीक, केबल ठीक, दोन्हीकडच्या एरियल ठीक, रिसीव्हर ठीक. ओइवाचे कान कोणी तपासले नव्हते. मोजायचं तर त्यांनीच होतं ना.

"काय झालं?" सिल्वीने विचारलं.

"त्याला ऐकू येत नाही," ताइस्तो म्हणाला. "अजिबात."

"मग पाच-नऊ कसं म्हणाला तो?"

रेडिओतून ओइवा बर्फाबद्दल सांगत होता, तळं या वर्षी लवकर गोठणार म्हणून. मध्येच थांबायचा, ताइस्तो साधारण जेवढा वेळ बोलतो तेवढा थांबायचा आणि पुढे बोलायचा. जन्मात ज्याने सासऱ्यालाही सोडलं नाही त्याने आज खोटा रिपोर्ट दिला होता, ताइस्तोने पेटी मोडू नये म्हणून. पेटी मोडली असती तर रविवार गेला असता. मग ऐकू येवो न येवो, नऊ वाजता पलीकडे ताइस्तो आहे एवढं तरी त्याला राहिलं नसतं.

ताइस्तोने खटका 'एरियल'वर टाकला. ओइवा थांबल्यावर बटण दाबलं. काटा पूर्ण गेला. तुर्कूतली भांडी वाजली असणार.

"ओइवा," तो म्हणाला. "खटका डब्यावर होता. मी आत्तापर्यंत डब्यात बोलत होतो. तुला काही ऐकू आलेलं नाही. खरं की नाही?"

त्याने बटण सोडलं. सगळ्या फिनलंडने ते ऐकलं. बँडवर दुसरं कोणी चकार शब्द काढला नाही, आणि रविवारी सकाळी ऐंशी मीटरवर असं कधी होत नाही.

"हो ना," ओइवा मजेत म्हणाला. "इकडे बारा आहे. शून्याखाली."

ताइस्तोने माइक खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि ओइवाच्या प्रत्येक थांब्यावर तो रीतसर बोलला, हवा, बटाटे, सिल्वीचा गुडघा, जसा दर रविवारी बोलतो तसाच. शेवटी निरोप घेतला. ॲम्प्लिफायर बंद केला, पंखा थांबेपर्यंत तिथे उभा राहिला.

"राइली," तो म्हणाला, "तुझ्या गाडीला हिवाळ्याचे टायर बसवलेस का?"

"ऑक्टोबरातच."

"मग चल."

युर्वाहून इनारी म्हणजे फिनलंडची अर्ध्याहून जास्त लांबी. ताइस्तोला गाडी नीट चालवता येत नाही, त्यामुळे मी. सिल्वीने बन, सॉसेज आणि थर्मास दिला. वाटेत तो तीन वाक्यं बोलला, त्यातली दोन मी गाडी कशी चालवते याबद्दल. तिसरं रोवानिएमीच्या पुढे आल्यावर. "मी त्याला कुऱ्हाडीची धमकी दिली," असं. मी म्हटलं, "दिलीस." याहून वेगळं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि मला त्याच्यासाठी फार वाईट वाटत होतं. केमियार्वीला माझ्या चुलतबहिणीकडे झोपलो, सकाळी पुन्हा निघालो.

ओइवाच्या अंगणात गाडी थांबवली तेव्हा आधी कळलं नाही तो कसला आवाज आहे. घरातून प्रचंड फुसफुसाट येत होता, खिडक्यांच्या काचा हलत होत्या. रेडिओ चालू होता आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. आम्ही दार वाजवलं, मग मीच उघडलं. ओइवा आमच्याकडे पाठ करून टेबलाशी जाळं विणत बसला होता. त्या गदारोळात, शांतपणे.

ताइस्तोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ओइवा वळला. आधी ताइस्तोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"आज सोमवार आहे," तो ओरडून म्हणाला.

"माहीत आहे," ताइस्तो म्हणाला.

ओइवा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. आणि मग त्याला कळलं की आम्हाला कळलंय. त्याने जाळं खाली ठेवलं आणि डोळे पुसले, लपवायचा काही प्रयत्न केला नाही. "थोडं थोडं कमी होत गेलं," तो म्हणाला. "मला आधी वाटलं तूच कमी होतोयस." 

मी पर्समधून पेन काढलं. "लिहून दे त्याला," मी ताइस्तोला म्हटलं. "आणि डॉक्टरला दाखवायला हवं, मशीन मिळतं कानाचं."

"दाखवू," ताइस्तो म्हणाला, पण पेन घेतलं नाही. त्याने रेडिओचा आवाज कमी केला, मग स्पीकरच्या पेटीचं पुढचं कापड खिळे उपटून काढलं. आतला काळा कागदी शंकू उघडा पडला. ओइवाचा उजवा हात धरून त्याने तळवा त्या शंकूवर अलगद टेकवला. फडताळावर मोर्सची जुनी 'की', म्हणजे बोटाने दाबायचा खटका, होता, धूळ बसलेला. तो जोडला, आवाज पुन्हा वाढवला आणि सूर जेवढा खालचा करता येईल तेवढा केला.

मग त्याने तो खटका दाबला. लांब, आखूड, आखूड. घरात घोगरा आवाज भरला. ओइवाचा हात दचकून उचलला गेला, मग त्याने तो स्वतःहून परत ठेवला. ताइस्तो सावकाश वाजवत गेला, नव्या शिकाऊ पोराला वाजवावं तसा. मी ऐकत होते, मला कळत होतं. तो विचारत होता: मी कसा येतोय.

ओइवाने डोळे मिटले. ताइस्तोने तेच पुन्हा वाजवलं. दुसऱ्या कोणीही त्या ठिकाणी पाच-नऊ दिला असता, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा दिला असता.

"पाच-सहा," ओइवा म्हणाला. त्याने बोटं शंकूवर जरा सरकवून बघितली. "शब्द सगळे कळतात. पण खालच्या बाजूला थरथरतोस. हा स्पीकर पेटीत सैल आहे."

ताइस्तोने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.